आमची वाटचाल : फीचा कागद

या लेखात आमच्या ऑफिसचं नाव, पत्ता, फोन काही सापडणार नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे, आणि ‘आमची वाटचाल’ म्हणजे अर्धी जाहिरातच. म्हणून नाव गाळून सांगते. पुण्यात शिवाजीनगरला छोटं ऑफिस. मी, लॉ कॉलेजपासूनची मैत्रीण, दोन ज्युनिअर आणि आम्हा सगळ्यांपेक्षा कोर्ट जास्त ओळखणारे आमचे क्लार्क काका. काम घटस्फोट, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचं.

सुरुवातीला असं काही ठरलेलं नव्हतं. सीनिअरकडून बाहेर पडल्यावर भाडेकरूचा दावा, चेक बाउन्स, येईल ते घेत होतो. कौटुंबिक कामाला वकील मंडळी जरा नाक मुरडतात. रडारड फार, फी कमी. त्यातून १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ म्हणतं की इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कच नाही. व्यवहारात परवानगीचा अर्ज देतो आणि ती मिळते, पण कायद्याला वकिलाची फारशी हौस नाही हे उघड आहे. दोघी बायका आहेत म्हणून बायका यायला लागल्या. मग नवरेही आले; बाई वकील असली की जज्जसाहेबांपुढे बरं दिसतं, असा त्यांचा हिशोब. कारण काही असो, फायली वाढल्या.

फीचं मात्र काही खरं नव्हतं. कुणी विचारलं की ‘बघू हो, आधी काम तर सुरू होऊ दे’ म्हणायची आमच्याकडे जुनी रीत. पक्षकाराला पुन्हा विचारायचा संकोच, आणि पुढे तारखेमागे पैसे. समोरचे वकील गैरहजर, जज्ज रजेवर, समुपदेशकांकडे पाठवलं, कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, मुदत दिली; काहीच घडलं नाही तरी पैसे लागतातच. तारखेवर फी घेणाऱ्याला पुढची तारीख पडल्याचं वाईट का वाटावं? दुसरं टोकही पाहिलं. एका पक्षकार बाईंचे मामा म्हणाले, ‘मॅडम, आत्ता काही देत नाही, एकरकमी पोटगीतले दहा टक्के तुमचे.’ निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्श्यावर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. ती नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. तडजोडीला बसल्यावर माझं लक्ष पोरांच्या शाळेकडे राहिलं असतं की आकड्याकडे?

शेवटी मैत्रिणीने एका संध्याकाळी हिरव्या लेजर पेपरवर टप्पे मांडले. दावा तयार करून दाखल करणं किंवा कैफियत देणं, हा पहिला. अंतरिम, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज आणि त्यावरचा हुकूम, दुसरा. मग सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आपल्या बाजूची लेखी साक्ष, आणि त्यावर समोरच्या वकिलाची उलटतपासणी. सगळ्यात जास्त मेहनत इथेच, म्हणून रक्कमही इथेच मोठी. शेवटी युक्तिवाद. प्रत्येकासमोर आकडा, आणि टप्पा सुरू होईल तेव्हाच त्याचे पैसे. मधेच समेट झाला तर पुढचं काही देणं नाही. खाली एक ओळ ठळक: टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकला वेगळ्या, हायकोर्टात जावं लागलं तर ते वेगळं. दोघांच्या सह्या, एक प्रत पक्षकाराला. सुरुवातीला काका हसले. आता पक्षकाराने प्रत घेतली की नाही हे तेच विचारतात.

या कागदाने लोकांच्या डोळ्यांसमोर आलं ते असं, की खर्च फायलींच्या संख्येने वाढतो. भांडण एकच, पण घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात, घरगुती हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, पोटगीचा अर्ज आणखी एक, ताब्याचा निराळा, वर पोलीस तक्रार. ‘त्याला चारी बाजूंनी अडकवा’ म्हणणाऱ्या भावाला मी चार आकडे लिहून दाखवते. बरेचदा दोन फायलींवर भागतं.

वकील कसा निवडावा हे आम्हाला विचारणारे बहुतेक दुसरीकडून दुखावून आलेले असतात. मी एवढंच म्हणते की त्यांना विचारा, माझ्या तारखेला प्रत्यक्ष कोण उभं राहणार? आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट होण्यासारखा आहे का, हा प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीत काढला का, ते बघा. ‘सहा महिन्यांत मोकळं करून देतो’ म्हणणाऱ्यापासून जपा. संमतीने घटस्फोटाच्या अर्जातला सहा महिन्यांचा थांबा कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय खरं, पण माफ करायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, वकील नाही. वकील बदलायचा तर आधीच्यांची नाहरकत मागितली जाते. फी थकली म्हणून कुणी कागद अडवून धरत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय की वकिलाला तसा हक्क नाही. थकलेली फी मागावी, कागद अडवू नयेत.

हातात पैसा नसलेल्या बायकांना आधी दोन गोष्टी सांगतो, मग त्या आमच्याकडे येवोत न येवोत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि घटस्फोट-पोटगीच्या दाव्यांत महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. माझी मैत्रीण म्हणते, तू गिऱ्हाईक हाकलतेस. हाकलते, कबूल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च समोरच्याकडून मागता येतो, कमावत नसलेल्या नवऱ्यालासुद्धा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’वर आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्यात.

बिल कमी करायचा उपाय पक्षकाराच्याच हातात असतो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या कामात दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बँकेची स्टेटमेंटं, पगारपत्रकं, कर्जाचे हप्ते तारीखवार लावून आणणाऱ्याचं काम एका बैठकीत उरकतं. पिशवीभर कागद ओतणाऱ्याच्या फायलीत ज्युनिअरचे तास जातात आणि ते कुणीतरी भरावेच लागतात. एका बाईंनी सगळं शाळेच्या वहीत चिकटवून आणलं होतं, समासात पेन्सिलीने रकमा. आमचे ज्युनिअर अजून नवीन पक्षकारांना ‘वहीसारखं आणा’ म्हणतात.

ऑफिसचं भाडं, ज्युनिअरचा स्टायपेंड आणि दिवाळीची मिठाई यात आम्ही श्रीमंत झालो नाही. टप्प्याचे पैसे हप्त्याने घेतो. एक मेसवाल्या काकू दर महिन्याला यूपीआयने पाठवतात, सोबत ‘टप्पा तीन’ असं टाकून. सध्या ऑफिसात वाद आहे तो पहिल्या भेटीची फी घ्यावी की नाही याचा. मैत्रीण घ्या म्हणते, मी नको म्हणते, आणि काकांचं मत असं की घ्यावी, पण रडणाऱ्याकडून नको. मग कुणाकडून घ्यायची, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.