शेततळ्यात मासे सोडायच्या आधी पाणी हिरवं करा

2016 ला मागेल त्याला शेततळे योजना आली तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात शिवारोशिवार प्लास्टिकची तळी झालीत आणि आता बरेच जण मोसंबीच्या जोडीला मासे पण करतात, फार चांगलं आहे. पण बोटुकली, म्हणजे माशाची बोटभर पिल्लं, आणायची, बोअरच्या नितळ पाण्यात सोडून द्यायची आणि मग मासा वाढंना म्हणायचं, हे बघून जीव तुटतो हो.

नितळ पाण्यात माशाला खायलाच काय नसतं. कटला वरच्या थरातले बारीक जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाला, आणि हे सगळं ज्या हिरव्या सूक्ष्म शेवाळावर चालतं त्याला नत्र-स्फुरद लागतं. मातीच्या तळ्यात गाळातून थोडंफार मिळतं, प्लास्टिकवर कुठला गाळ? म्हणून आपल्या तळ्यांना खत जास्तच गरजेचं.

हेक्टरी वर्षाला 10 ते 15 टन शेण धरतात, म्हणजे गुंठ्याला साधारण 100 ते 150 किलो. त्यातला पाचवा हिस्सा बीज सोडायच्या पंधरा दिवस आधी कालवून टाकायचा, बाकीचा महिन्याला थोडा थोडा. सुपर फॉस्फेट रात्रभर भिजवून ते पाणी शिंपडायचं, खडे तसेच टाकले तर तळाला जाऊन बसतात. चुना आणि सुपर एकत्र अजिबात नको, स्फुरद अडकून जातं. युरियाचं म्हणाल तर आपलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, सामू (पीएच) वर असला की त्यातला अमोनिया माशाला बाधतो, त्यामुळं मी तरी शेणावरच भर द्या म्हणेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा हिशोब भरलेल्या तळ्याचा आहे! फेब्रुवारी-मार्चला मोसंबीला पाणी देऊन देऊन तळं अर्ध्यावर येतं, ऊन बाकीचं ओढतं, मासे तेवढेच आणि मोठे झालेले, तिथं पावसाळ्यातला डोस टाकला तर प्राणवायू संपतो. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला, बोटं स्पष्ट दिसली तर खत द्या, मनगटापर्यंत बुडवल्यावरच पंजा दिसंना झाला तर थांबा. ढगाळ दिवसात पण थांबा. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर लगेच ताजं पाणी सोडा, शेणाला हात लावू नका.

आणि हे हिरवं पाणी ठिबकला लावणार असाल तर सँड फिल्टर रोज धुवा, शेवाळानं ड्रिपर लवकर चोंदतात.