क्रिमसन किंग मेपल: सावलीसाठी लावलेले जांभळ्या पानांचे झाड

डेट्रॉइटच्या उपनगरात आम्ही घर घेतले, तेव्हा मागच्या अंगणात ॲश या सावलीच्या झाडाचा फक्त तोडलेला बुंधा उरला होता. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला तो २००२ साली, याच परिसरात. त्यानंतर इथल्या गल्ल्यांमधले ॲश एकामागून एक वाळत गेले. जुलैमध्ये मिशिगनचा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पश्चिमेचे ऊन तोवर स्वयंपाकघराच्या काचेवर असते. आम्हाला उन्हाळ्यात दाट सावली देणारे आणि हिवाळ्यात पाने गाळून ऊन आत येऊ देणारे झाड हवे होते.

बरीच चौकशी केल्यावर मी नॉर्वे मेपलची ‘क्रिमसन किंग’ ही जात निवडली. तिच्याआधी ‘श्वेडलरी’ नावाची एक जुनी जात लोकप्रिय होती, पण तिची लालसर पाने उन्हाळ्यात हिरवी होतात. फ्रान्समधील ऑर्लेआँ येथे १९३७ साली श्वेडलरीच्या बियांपासून जे रोप मिळाले, त्याची पाने मात्र शरद ऋतूपर्यंत गडद जांभळी राहिली, आणि तेच पुढे क्रिमसन किंग म्हणून जगभर गेले. पानात हरितद्रव्य असतेच; अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे ते झाकले जाते, आणि त्यासाठी भरपूर ऊन लागते. दुसऱ्या झाडाच्या छायेत लावल्यास पाने मळकट, हिरवट-तपकिरी होतात. सासूबाई साताऱ्याहून आल्या, तेव्हा त्यांनी मे महिन्यातली नवी पालवी पाहून ‘पानं करपली की काय गं?’ असे काळजीने विचारले होते.

या झाडाविरुद्धचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी दुर्लक्षिला नाही. युरोपातून आलेले नॉर्वे मेपल इथल्या जंगलात शिरते, त्याच्या दाट छायेत स्थानिक रोपे तग धरत नाहीत, आणि म्हणूनच मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत त्याच्या विक्रीला बंदी आहे. आमच्या भागात ते रोपवाटिकेत मिळते, आणि आमचे अंगण चारी बाजूंनी घरे व डांबरी रस्ते असलेल्या वस्तीत आहे, हे पाहूनच मी निर्णय घेतला. घराच्या पाठीमागे रान असते, तर मी हे झाड लावले नसते.

खड्डा खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करावा लागतो. मग गॅस, वीज आणि इतर वाहिन्यांचे लोक येऊन जमिनीवर रंगीत खुणा करून जातात. पूर्ण वाढलेले हे झाड साधारण ४० फूट उंच आणि ३० फूट रुंद होत असल्याने, भिंतीपासून पुरेसे अंतर सोडून नैर्ऋत्येची जागा ठरवली. सप्टेंबरच्या अखेरीस झाड आले, ते गोणपाटात आणि तारेच्या जाळीत बांधलेल्या मातीच्या जड गोळ्यासह.

या सगळ्या खटाटोपातला निर्णायक भाग म्हणजे खोडाचा पाया शोधणे. खोड खाली जिथे पसरून मुळांत मिसळते, तो भाग जमिनीच्या पातळीच्या किंचित वर राहिला पाहिजे, परंतु गोळ्यातली माती अनेकदा त्याच्या कितीतरी वर चढलेली असते. मी हाताने माती उकरत गेले, तेव्हा खोडाला वळसा घालून गेलेले करंगळीएवढे एक मूळ दिसले. नॉर्वे मेपलमध्ये ही अडचण विशेष दिसते. असे मूळ जाड होत गेले की खोडाला आवळते आणि चांगले मोठे झालेले झाड एका बाजूने वाळू लागते. ते मूळ मी तिथेच छाटले. त्यानंतर गोळ्याच्या उंचीइतकाच खोल, पण त्याच्या तिप्पट रुंद खड्डा खणला, चिकणमातीच्या गुळगुळीत झालेल्या भिंती कुदळीने ओरखडल्या, गोळा खड्ड्यात बसवून दोर सोडला आणि गोणपाट व जाळीचा वरचा भाग कापून काढला. खड्डा त्याच मातीने भरला, शेणखत घातले नाही. वर लाकडी ढलप्यांचा तीनेक इंचांचा थर दिला, तोही खोडापासून चार बोटे दूर. इथे बहुतेक अंगणांत खोडाशी ढलप्यांचा ढीग रचलेला दिसतो, आणि त्याने साल कुजते.

पहिली दोन-तीन वर्षे पाणी हेच काम. आळे करून आणि थेंब थेंब पाणी सोडणारी पिशवी खोडाभोवती बांधून उन्हाळाभर ओल टिकवली. नोव्हेंबरमध्ये खोडाला पांढरी पट्टी गुंडाळावी लागते, कारण जानेवारीच्या दुपारी नैर्ऋत्येच्या उन्हाने तापलेली साल रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत तडकते. एप्रिलमध्ये ती न विसरता काढायची. छाटणी उन्हाळ्याच्या मध्यावर केली, कारण वसंताच्या तोंडावर मेपलच्या जखमेतून रस वाहत राहतो. आपल्याकडे आंब्याच्या कलमाला खुंटाचे फुटवे येतात, तसेच यालाही येतात, आणि ते हिरवे असल्यामुळे लगेच ओळखू येतात.

आता दुपारनंतर स्वयंपाकघरात पडदे ओढावे लागत नाहीत. मात्र झाडाखाली हिरवळ टिकत नाही. सावली दाट आहे आणि मुळे वरच्या थरातच पसरून पाणी ओढून घेतात, त्यामुळे तिथे मी सावलीत वाढणारी, रुंद पानांची होस्टाची रोपे लावली आहेत. ऑगस्टमध्ये पानांवर डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग येतात. ती बुरशी झाडाला फारसा अपाय करत नाही, परंतु गळलेली पाने गोळा करून टाकलेली बरी. बियांपासून उगवलेली रोपे दिसली की उपटते. रोप नॉर्वेचे की इथल्या स्थानिक शुगर मेपलचे अशी शंका आल्यास पानाचा देठ तोडून पाहावा, नॉर्वे मेपलच्या देठातून पांढरा चीक येतो, शुगर मेपलच्या देठातून येत नाही. रंगच हवा असणाऱ्या मैत्रिणींना मी हल्ली ‘क्रिमसन सनसेट’ सुचवते: ते नॉर्वे आणि शांतुंग मेपलचा संकर आहे, उन्हाळ्याची धग अधिक सोसते आणि लहान अंगणात मावते.