बंद ट्रॉलीचं फिरतं वर्कशॉप: काम वायरिंगपर्यंत आलं

दोन चाकी बंद ट्रॉली. आतून १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सव्वासहा फूट उंच. ट्रॅक्टरमागे लावायची. आतलं अस्तर, कामाचं टेबल, कपाट आणि वायरिंग झालं आहे. सोलर पॅनेल आणि ड्रॉवरच्या कड्या अजून राहिल्या आहेत.

सांगलीच्या बाजूला असं वर्कशॉप चाकांवर हवं याला दोन कारणं आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, पलूसच्या द्राक्षबागांत फवारणीच्या ब्लोअरना आणि एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपांना उसंत नसते. पंप बिघडतो तो रानात, आणि फवारणी एक दिवस पुढे ढकलली तर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशी रोग) थांबत नाही. अशा वेळी व्हाईस (वस्तू पकडायचा शिकंजा), ड्रिल आणि वेल्डिंग मशीन बांधावर गेलेलं बरं. दुसरं कारण कृष्णेचं. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ साली पाणी याच्या कितीतरी वर गेलं. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की ट्रॉली जोडून उंचावर नेता येते. फरशीत बोल्ट ठोकून बसवलेलं मशीन नेता येत नाही.

आधी वजन, मग वेल्डिंग

या कामात सगळ्यात जास्त चुका होतात त्या मांडणीत. जागा कुठे मोकळी आहे ते बघून वस्तू बसवल्या जातात, ॲक्सलपासून किती अंतरावर आहेत ते कुणी बघत नाही. एकाच ॲक्सलची ट्रॉली म्हणजे तराजूच. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या पुढच्या दांड्याच्या) टोकावर, म्हणजे पिनवर, यायला हवा. तो कमी पडला तर पिन हुकात वर-खाली आपटते, पिनचं भोक लांबट होतं, आणि चढावर ट्रॉलीची शेपूट खाली बसून ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलायला बघते. तीच ट्रॉली जीपमागे लावली तर वेग वाढताच डावी-उजवीकडे डुलायला लागते. ते डुलणं स्टेअरिंगने आवरत नाही.

हिशोब सोपा आहे. वस्तूचं वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर. पुढची बाजू अधिक, मागची उणे. सगळ्याची बेरीज करून पिन ते ॲक्सल या अंतराने भागायचं. या ट्रॉलीत ते अंतर २९० सेंमी आहे. ॲक्सलपासून पुढची भिंत १७० सेंमीवर, मागचं दार १३५ सेंमीवर. अस्तरासकट रिकामी ट्रॉली ७८० किलो भरली आणि पिनवर ६० किलो आले.

पहिली मांडणी सोयीची होती. सगळी जड कामं दाराशी, म्हणजे उजेड आणि वारा मिळेल. व्हाईससकट टेबल ११० किलो, ८५ सेंमी मागे. ड्रिल मशीन ४५ किलो, १०० मागे. नट-बोल्ट आणि हत्यारांचं कपाट १३० किलो, ६० मागे. जनरेटर ८५ किलो, ११० मागे. पुढे फक्त ५८ किलोची बॅटरी १४० वर आणि २५ किलोचा कॉम्प्रेसर १२० वर. अँगल-पट्ट्यांचा ६० किलो साठा बरोबर ॲक्सलवर, म्हणून तो शून्य. मागची बेरीज उणे ३१,०००, पुढची अधिक ११,१२०. फरक उणे १९,८८०, भागिले २९० म्हणजे उणे ६९ किलो. पिनवर मुळात ६०. उरले उणे ९. म्हणजे हूक सोडला की ड्रॉबार आपोआप वर उठणार. हे खडूने फरशीवर आखून कागदावर कळलं म्हणून बरं. कपाट वेल्ड झाल्यावर कळलं असतं तर गॅस कटर लागला असता.

दुसऱ्या मांडणीत टेबल दाराशीच ठेवलं, कारण लांब पाईप कापताना तो दाराबाहेर काढावा लागतो. बाकी सगळं हललं. कपाट १०० पुढे, जनरेटर पुढच्या भिंतीला लागून १३० वर, ड्रिल ४० मागे, कॉम्प्रेसर ३० मागे. बॅटरी आतून काढून ड्रॉबारवरच्या पेटीत, ॲक्सलपासून २०० वर. आता पुढची बेरीज ३५,६५०, मागची ११,९००. फरक २३,७५०, भागिले २९० म्हणजे ८२. पिनवर १४२ किलो, एकूण वजन १,२९३. अकरा टक्के.

कागदावरचा आकडा काट्यावर ताडून बघायलाच हवा. एकूण वजनाला वजनकाटा. पिनच्या भाराला घरातला १५० किलोचा काटा पुरतो, पण हिशोबाने आकडा १५० च्या आत येत असेल तरच. सपाट जागा, चाकांना दोन्हीकडून गुटके, काट्यावर जाड फळी, फळीवर पिनच्या उंचीइतका लाकडी टेकू. उंची चुकली की ट्रॉली पुढे-मागे कलते आणि आकडा फसवतो.

सांगाडा आणि अस्तर

आतल्या फासळ्या ५० × २५ × २ मिमीच्या चौकोनी पाईपच्या, ५० ची बाजू भिंतीच्या जाडीत येईल अशा. दोन फासळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६१.५ सेंमी. हा आकडा रॉकवूलवरून (उष्णता अडवणाऱ्या दगडी लोकरीवरून) आला आहे. स्लॅब ६० सेंमी रुंद मिळतो आणि मधली मोकळी जागा ५९ राहते, त्यामुळे तो दाबून बसतो, गोंद लागत नाही. ही मोकळी जागा ६० किंवा जास्त ठेवली तर चार-सहा महिन्यांच्या खडखडाटाने स्लॅब खाली सरकतो आणि वरच्या बाजूला पोकळी पडते, नेमकी जिथे छताची उष्णता असते तिथे.

थर्माकोल स्वस्त आणि हलका असतो, तरी इथे नको. ग्राइंडरची ठिणगी पत्र्याच्या फटीतून आत गेली तर थर्माकोल आतल्या आत पेटतो आणि धूर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. रॉकवूल जळत नाही. ५० मिमी जाडीचा, ४८ घनतेचा घेतला तर चौरस मीटरला २.४ किलो, भिंती आणि छत मिळून साधारण २० चौरस मीटरला ५० किलोच्या आत बसतो. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

अस्तराला ६ मिमी प्लाय, आठ बाय चारचे आठ शीट. हिशोबाने सात लागतात, दाराच्या आणि खिडकीच्या कापात एक जातो. फासळी आणि प्लाय यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दिली आहे. लोखंडी फासळी बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांना थेट जोडते; उन्हाळ्यात उष्णता तिच्यातून आत येते आणि थंडीच्या पहाटे तिच्यावरच दव धरून प्लाय काळा पडतो. ट्यूबची पट्टी हे बऱ्यापैकी तोडते, आणि कच्च्या रस्त्यावर प्लायची कुरकुरही थांबते. टेबलाच्या मागे तीन फूट उंचीपर्यंत प्लायवर १ मिमीचा जीआय पत्रा.

बाहेरच्या पत्र्याच्या सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉन लावला की त्याच्यावर रंग धरत नाही. पुढच्या वर्षी रंग मारताना प्रत्येक सांधा खरवडावा लागतो. छताला पांढरा रंग. भिंतींच्या तळाला, दोन फासळ्यांमध्ये एक असं ६ मिमीचं भोक, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली निघतं.

वेल्डिंग करताना एक गोष्ट सगळे विसरतात: अर्थचा चिमटा जिथे रॉड चालतो त्याच्या हातभर अंतरात लावायचा. फासळीवर वेल्डिंग आणि चिमटा ट्रॉलीखाली कुठेतरी, असं केलं तर करंट स्प्रिंगच्या पाट्यांतून, ॲक्सलमधून, कधी व्हील बेअरिंगमधून वाट काढतो. बेअरिंगच्या रोलरवर बारीक चट्टे पडतात. लगेच काही कळत नाही. पाच-सहाशे किलोमीटरनंतर चाक घूंऽऽ करायला लागतं आणि दोष ग्रीसला दिला जातो.

वायरिंग

बॅटरी १५० एएचची ट्युब्युलर, १२ व्होल्ट. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्ह, ११०० व्हीए. यावर दिवे, ड्रिल आणि चार इंची ग्राइंडर चालतो, वेल्डिंग नाही. अडीच मिमी रॉडला ८० अँपिअर लावले तरी मशीन पुरवठ्यातून अडीच-तीन केव्हीए ओढतं. वेल्डिंगसाठी ५ केव्हीए जनरेटर किंवा घरची लाईन.

पहिल्यांदा बॅटरी ते इन्व्हर्टर ६ चौरस मिमीची वायर ओढली होती. दिवे लागले, ड्रिल फिरला, ग्राइंडरचा खटका दाबला की इन्व्हर्टर बंद. बॅटरी भरलेली, इन्व्हर्टर चांगला. दोष वायरचा होता. ६७० वॅटचा ग्राइंडर १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधली तूट धरून, ६६ अँपिअर मागतो. जाऊन-येऊन ३ मीटर वायर, ६ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध ८.७५ मिलिओहम. म्हणजे चालू ग्राइंडरला ०.५८ व्होल्टची घट, आणि सुरू होताना तिप्पट करंट गेला तर पावणेदोन व्होल्ट. बॅटरी ११.८ वर असली तरी इन्व्हर्टरला दिसतात १० आणि काही. साडेदहाला तो स्वतःला बंद करतो. शिवाय वायरमध्ये ३८ वॅट उष्णता, तीही प्लायच्या मागे. आता २५ चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल आहे. घट ०.१४ व्होल्ट. केबलच्या टोकांचे लग दाबून बसवलेले, नुसते डागलेले नाहीत. बॅटरीच्या प्लसपासून २० सेंमीच्या आत १०० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरच्या बाजूला लावला तर मधली सगळी केबल उघडीच राहते.

बॅटरी बाहेरच्या पेटीत नेली त्यामागे वजनाइतकंच हायड्रोजनचं कारण आहे. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते आणि आत ठिणग्या उडत असतात. पेटीला खाली दोन आणि झाकणाशी दोन झरोके. जनरेटरचा पेट्रोलचा कप्पा तिच्यापासून वेगळा, मध्ये पूर्ण पत्रा. जनरेटर कप्प्यात असताना कधीच चालवायचा नाही, दार उघडं असलं तरी. रॅम्पवरून उतरवायचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाच मीटरवर ठेवायचा.

बाहेरची लाईन १६ अँपिअरच्या इंडस्ट्रियल इनलेटमधून. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर गावोगाव दिसते. ती तोडून टाका, तिच्या उघड्या टोकाच्या पिनांत करंट असतो. आत १६ अँपिअर एमसीबी (जास्त करंटला पडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका). शेतातल्या कनेक्शनला अर्थिंग असेलच असं नाही, म्हणून ट्रॉलीची स्वतःची एक मीटरची जीआय सळई, ओल्या जागी ठोकायची. मुरमात तिचा रोध १०० ओहम आला तरी बॉडीला फेज लागल्यावर २ अँपिअरवर करंट जातो आणि आरसीसीबी पडते.

जनरेटरवर मात्र हीच आरसीसीबी मुकी राहते. लहान जनरेटरचा न्यूट्रल बहुधा तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला, असतो, फॉल्टच्या करंटला परतायला वाटच नसते. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडलेला वेगळा प्लग करून तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये बसवायचा. तो लाल रंगवा आणि जनरेटरला साखळीने बांधा, कारण चुकून घरच्या सॉकेटमध्ये गेला तर घात होईल. आणि पंपाच्या स्टार्टरमधून लाईन घेण्याआधी मल्टिमीटर लावाच. मोटारीच्या लाईनला अनेकदा न्यूट्रल नसतो. दोन फेज घेतल्या की ४१५ व्होल्ट येतात आणि इन्व्हर्टर, चार्जर, वेल्डिंग मशीन एकदम जातात.

टेकू, चाकं, कागद

चार कोपऱ्यांना स्क्रूचे टेकू. ट्रॉली उभी केली की आधी गुटके, मग टेकू, मग दार, मग जनरेटर उतरवणं. क्रम हाच. जनरेटर उतरला की पिनवरचे ३८ किलो कमी होतात, आणि व्हाईसवर हातोडा चालला की पाटे झुलतात. ड्रिलचं भोक तिरकं जातं. काळ्या रानात टेकू बुडतो, म्हणून १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवलेले फूटभर चौकोन बरोबर ठेवायचे.

बेअरिंग उघडून, धुऊन, लिथियम ग्रीस रोलरच्या मधून बाहेर येईपर्यंत भरलं. कॅसल नट चाक फिरवत आवळायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करून कॉटर पिन. आवळून ठेवला तर दहा किलोमीटरवर हब हाताला चटका देतो.

आरसीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो, त्यामुळे बाहेरची बॉडी बदलण्याआधी एमएच-१० च्या, म्हणजे सांगलीच्या, आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं. आतलं सगळं बोल्टवर ठेवलं आहे. रिफ्लेक्टर पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं तेव्हा ही पट्टी चिखलाने झाकलेली नसावी. फडकं दाराच्याच खिशात.

भरलेली ट्रॉली तासगावपर्यंत नेऊन आणल्यावर ज्या नटांना नुसते स्प्रिंग वॉशर होते त्यांतले बरेच सैल झाले, नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) एकही नाही. पाट्यांचे यू-बोल्ट पाव फेरा फिरले, ते पहिल्या फेरीनंतर फिरतातच. ड्रॉवरचे चुंबक निकामी ठरले, तीन ड्रॉवर उघडून ८ आणि १० मिमीचे बोल्ट एकत्र झाले. तिथे आता फिरवायच्या लोखंडी कड्या येतील, आणि घसरपट्टी आतल्या बाजूला थोडी उतरती.

सोलर पॅनेल २० किलोचं, छतावर ॲक्सलच्या ५० सेंमी पुढे धरलं आहे. पिनवर साडेतीन किलो वाढतील. चिंता पिनची नाही, उंचीची आहे: पोटपाटाच्या कडेने तिरकं जाताना छतावरचे २० किलो जाणवतात. म्हणून त्याआधी कपाटातले वरचे दोन कप्पे रिकामे करून तेच वजन ॲक्सलवरच्या अँगलच्या घोडीखाली आणायचं काम चालू आहे.