नेपाळमधल्या ख्रिस्ती बालगृहात तीन आठवडे : विदर्भातून जाणाऱ्यांसाठी

बालगृहात सेवेला जायचं तर पऱ्हाटीची शेवटची वेचणी उरकली की निघायचं. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ सगळ्यात सोयीचा. चैत्रात तिथल्या मुलांच्या वार्षिक परीक्षा असतात आणि वैशाखात नवीन वर्ग सुरू होतात, त्यामुळे त्या दिवसांत पाहुणे म्हणजे घराला अडचणच. दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या दशैंला, चांगलं बालगृह अर्धंअधिक रिकामं असतं, कारण मुलं आईवडिलांकडे किंवा मामा-काकांकडे गेलेली असतात.

बालगृह निवडताना हीच गोष्ट पहिली विचारा : दशैंला किती मुलं घरी जातात? नेपाळातल्या बालगृहांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून पोरं डोंगरातल्या गावांतून काठमांडूला आणायची, कागदोपत्री अनाथ करायची आणि पाहुण्यांकडून देणग्या घ्यायच्या, असे प्रकार तिथे उघडकीला आले आहेत. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथालयातल्या स्वयंसेवेतून होणाऱ्या शोषणाबद्दल इशारा दिला. म्हणून नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का, प्रत्येक मुलाची फाइल आहे का, नातेवाइकांच्या भेटीची वही आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. कोणतीही चौकशी न करता ‘या, मुलं वाट बघताहेत’ म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. चांगलं घर उलट तुमच्याकडेच पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि चर्चच्या पाळकांचं पत्र मागेल. दाखल्याला वेळ लागतो, दिवाळीनंतर लगेच अर्ज करा.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधार कार्डावर विसंबून निघू नका. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, जवळजवळ एक दिवस-रात्र. तिथून सुनौली बसने तीनेक तास. सीमा पायीच ओलांडायची, पलीकडे भैरहवा. तिथून काठमांडूची बस, आठ-दहा तास धरा, रस्त्याचं काम असेल तर जास्तच. पावसाळ्यात या रस्त्याने रात्री जाऊ नका. १२ जुलै २०२४ च्या पहाटे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या, त्या याच भागात. पैसे शंभराच्या नोटांत न्या. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

आता कामाचं. मुलांना खेळवायला, इंग्रजी गाणी शिकवायला तिथे पुष्कळ लोक येतात आणि तीन आठवड्यांनी जातात. मूल दर वेळी जीव लावतं आणि दर वेळी तुटतं. म्हणून आपण घराचं काम घ्यायचं आणि ते तिथल्या दिदी-दाइंबरोबर, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या ताई-दादांबरोबर करायचं, म्हणजे आपण गेल्यावरही ते चालू राहतं. आपल्या गावातला जलसुरक्षक किंवा आशाताई सोबत असेल तर तुकडी भक्कम होते.

पाण्याचंच बघा. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तळाशी बोटभर गाळ. टाकी रिकामी करून घासा, भरा, आणि १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवा. चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळच टाकीत ओता. घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत नळ सोडा, मग बंद करून बारा तास तसंच ठेवा. ते पाणी पिण्याचं नाही, हे नळावर चिठ्ठी लावून सांगा. नंतर ते सगळं पाणी वाहून जाऊ द्या. रोजच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबून मगच वापर. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला पाहिजे. गडबड होते ती इथे : काठमांडू खोऱ्यात बोअरच्या पाण्यात लोह फार. पावडर टाकताच पाणी तांबूस होतं आणि लोहच क्लोरीन खाऊन टाकतं. आधी वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढा, मग मात्रा द्या. पावडर तिथेच विकत घ्या, रेल्वेत नेऊ नका. उघडं राहिलेलं पाकीट महिन्यात निकामी होतं.

दुसरं काम खरजेचं. एका खोलीत आठ-दहा मुलं, जाड सिरक म्हणजे रजया, थंडीत धुणं नाही, त्यामुळे खरूज फिरत राहते. ज्याला खाज त्यालाच मलम लावतात, म्हणून ती परत येते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर ते मूल इतरांना देत असतं. डॉक्टरांना दाखवून ५ टक्के परमेथ्रिन मलम सगळ्यांना, सांभाळणाऱ्या दिदींनाही, एकाच रात्री : मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. सकाळी आंघोळ, कपडे आणि चादरी गरम पाण्यात. सिरक धुता येत नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. आठवड्याने पुन्हा मलम. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, म्हणून तिसऱ्यांदा मलम चोपडू नका. मुलींना मलम लावणं दिदींचंच काम, तुम्ही दाराबाहेर थांबून वही भरा.

एका मुलाबरोबर एकटं खोलीत बसायचं नाही, चेहऱ्याचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, खाऊ आणि कपडे थेट मुलांच्या हातात नव्हे, कार्यालयात द्यायचे.

उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारची. चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात, ‘जय मसीह’ म्हणतात. घराच्या प्रार्थनेत मनापासून सामील व्हा. पण गावात पत्रकं वाटू नका, शेजाऱ्यांना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायचा आग्रह करू नका. नेपाळात धर्मांतर करवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुमच्या एका पत्रकाची झळ तिथल्या मुलांना बसते.

लिपी आपलीच, त्यामुळे पाट्या वाचता येतात, अर्थ मात्र फसवतात. तिथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘कोठा’ म्हणजे खोली. जेवण दोनदा, सकाळी नऊ-दहाला आणि रात्री सातला, दोन्ही वेळा डाळभात. भाकरीची सवय असणाऱ्यांना पहिले चार दिवस पोट रिकामं वाटतं. जवसाची चटणी न्या.

मंडळीच्या ट्रस्टमधून खर्च करणार असाल तर आधी सीएला विचारा. परदेशातल्या खर्चाला आयकराची सवलत आपोआप मिळत नाही.

निघण्याची तारीख पहिल्याच दिवशी मुलांना कॅलेंडरवर दाखवा. पुढच्या वर्षीचं तिकीट हातात नसेल तर ‘परत येतो’ म्हणू नका. आणि गोरखपूरहून परतीची गाडी काठमांडू सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीची घेऊ नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.