लेकीच्या उपचारांचा शोध: खानापूर ते बंगळूर

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. जन्मताच ती रडली नाही. प्रसूती लांबली होती, बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि पहिल्या रात्रीच तिला फिट्स आल्या. आठ महिने उलटले तरी ती मान धरेना, मुठी उघडेना. तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला आणि सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, असे निदान केले. मेंदूचा जो भाग दुखावला आहे तो पूर्ववत होणार नाही, पण ती इजा वाढणारही नाही, आणि सराव करून घेतला तर मूल पुष्कळ शिकू शकते, असे त्यांनी शांतपणे समजावले. यातले ‘पूर्ववत होणार नाही’ एवढेच आमच्या कानांत राहिले, आणि पुढची साडेतीन वर्षे आम्ही ते तीन शब्द खोटे ठरवण्यासाठी धावत होतो.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात असे मूल घरी असले की येणारा प्रत्येक पाहुणा एखादा पत्ता सांगून जातो. कुणी पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन द्यायला सांगितले, कुणी देवाला कौल लावला, कुणी एका वैदूकडे पाठवले. सांगणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच नाही म्हणणे जड जाई. त्या वैदूने राखाडी चूर्णाच्या पुड्या दिल्या आणि फिटचे औषध आजपासून बंद करा, नाहीतर चूर्ण लागू पडणार नाही, असे बजावले. आम्ही त्याचे ऐकले. सहाव्या रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली तेव्हा तिचे डोळे वर फिरले होते आणि ओठाची डावी कड एका लयीत उडत होती. सासूबाई कांदा फोडून तिच्या नाकाशी धरत होत्या. शेजाऱ्यांची गाडी निघेपर्यंत बावीस मिनिटे गेली. ती फिट अखेर दवाखान्यात शिरेतून औषध दिल्यावर थांबली. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली फिट आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि रोजचे औषध एकाएकी तोडल्याने नेमका हाच धोका ओढवतो, हे मला त्या रात्री समजले. तेव्हापासून नाकात मारायचा, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो.

त्या चूर्णात काय होते हे आम्ही तपासून घेतले नाही, याची खंत आजही आहे. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दुकानांमधून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2004 साली प्रसिद्ध झाली होती. त्यांपैकी 14 औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे वाढत्या मेंदूला घातक असते, मग आधीच दुखावलेल्या मेंदूचे काय होत असेल? तरीही आयुर्वेदाला सरसकट दोष देण्याचा माझा हेतू नाही. बेळगावात शहापूर भागातल्या एका पदवीधर वैद्यांकडे आम्ही नंतर गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न फिटच्या औषधाबद्दल केला आणि ते एक दिवसही चुकवू नका असे सांगितले. तेलाने मसाज केल्यावर स्नायू काही तास सैल राहतील, मुलीला बरे वाटेल, झोप लागेल, पण मेंदूची इजा त्याने जाणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. इतके सरळ उत्तर आम्हाला तोवर कोणत्याच पर्यायी उपचारवाल्याकडून मिळाले नव्हते.

सर्वांत जास्त पैसा आणि आशा आम्ही हायपरबेरिक ऑक्सिजनवर घातली. बंद कक्षात हवेचा दाब वाढवून शुद्ध प्राणवायू द्यायचा, असा हा उपचार आहे. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्यांसाठी, कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेसाठी आणि मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी तो खरोखरच वापरतात. मेंदूतल्या झोपलेल्या पेशी प्राणवायूने जाग्या होतात, असे आम्हाला महाराष्ट्रातल्या एका केंद्रात सांगण्यात आले. चाळीस बैठकांसाठी सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. मी मुलीला मांडीवर घेऊन त्या नळकांड्यासारख्या कक्षात तासभर बसत असे. दाब वाढू लागला की तिचे कान दुखत, म्हणून मी चमच्याने घोट घोट पाणी पाजत राही, आणि बाहेरून तिचे वडील काचेच्या गोल खिडकीला तोंड लावून तिला हसवत. पंधराव्या बैठकीनंतर तिने पहिल्यांदा माझ्या बांगडीकडे हात नेला आणि बोटे उघडली. आम्ही दोघेही तिथेच रडलो.

हा प्राणवायूचाच गुण, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. पुढे बंगळूरला निम्हान्स या मेंदू व मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत दाखवायला गेलो, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी कॅनडातल्या एका अभ्यासाची माहिती दिली. 2001 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या 111 मुलांचे दोन गट केले होते. एकाला वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला, दुसऱ्याला जेमतेम वाढवलेल्या दाबाची साधी हवा, आणि कोणाला काय मिळते हे आईवडिलांना कळू दिले नव्हते. चाळीस बैठकांनंतर दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि सारखीच सुधारली. आमचे कन्नड बाजारापुरते आणि डॉक्टरांचे हिंदी बेताचे, त्यामुळे हे मला त्यांनी कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. मी विचारले, मग बांगडी धरली ती कशाने? त्यांनी उलट विचारले की त्या दिवसांत तुम्ही आणखी काय करत होता. मी सांगितले की शाळेतून रजा काढली होती, दिवसभर तिच्याशी बोलत होते, रोज तिला मांडीवर उभे धरत होते. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. लहान मूल वाढत असते, त्यामुळे कोणताही उपचार सुरू असताना त्यात काहीतरी सुधारणा होतच असते. तुलनेला दुसरा गट असल्याखेरीज तिचे श्रेय कोणाला द्यायचे हे आईच्या डोळ्यांना ठरवता येत नाही. हे पचवायला मला कित्येक महिने लागले.

स्टेम सेलची, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींची, गोष्ट त्यामानाने लवकर संपली. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिच्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातून सोडण्याचे काही लाख रुपये सांगितले. आमच्या नात्यातल्या एका परिचारिकेने सुचवल्याप्रमाणे मी त्यांना लेखी विचारले की हा प्रमाणित उपचार आहे की संशोधन, आणि संशोधन असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक कोणता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत संशोधनातच करता येतो, आणि संशोधनात सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. आगाऊ रकमेची आठवण करून देणारे फोन आले, क्रमांक मात्र आला नाही.

या धावपळीत मोजावी लागलेली खरी किंमत पैशांची नव्हती. ज्या मुलांना आधाराशिवाय उभे राहता येत नाही, त्यांचा खुब्याचा सांधा ताठ स्नायूंच्या ओढीने हळूहळू खोबणीतून सरकतो. सुरुवातीला त्याचे काही दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढून पाहावा लागतो. बेळगावच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी फाइलवर तांबड्या शाईने तारीख लिहून दिली होती. आम्ही प्राणवायूच्या बैठकांसाठी परगावी होतो, ती तारीख गेली, पुढचीही गेली. दीड वर्षाने एक्स-रे काढला तेव्हा उजवा खुबा एक तृतीयांशाहून अधिक बाहेर आला होता. शस्त्रक्रिया करावी लागली. वेळेवर कळले असते तर ती टळली असती असे कोणी म्हटलेले नाही, पण ती तांबडी तारीख माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निम्हान्सच्या त्याच भेटीत सिग्नलच्या तीन दिव्यांची एक यादी आम्हाला समजावून सांगितली गेली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2013 साली सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचे पुरावे तपासून त्यांना हिरवा, पिवळा आणि तांबडा रंग दिला होता. हिरव्यात होते पोटरीच्या ताठ स्नायूंत ते सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन, खुब्यांची नियमित तपासणी, घरी करायचा सराव, आणि मुलाला जे करायचे आहे तेच पुन्हा पुन्हा करून घेणे. ज्या प्राणवायूसाठी पाटल्या गेल्या होत्या तो तांबड्यात होता.

आता मसाज आम्ही चालू ठेवला आहे, कारण तिला तो आवडतो. आंघोळीआधी सासूबाई कोमट तेल घेऊन बसल्या की ती पाय सोडून देते. चूर्ण, कौल, कक्ष सगळे थांबले. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, त्या काळात एएफओचे, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणारे, बूट घालून रोज उभे राहायचे आणि डाव्या हाताने काम करायचे, एवढा कार्यक्रम आहे. डावा हात तिचा कमजोर. म्हणून मी भाकरी थापायला बसले की तिच्यापुढे पिठाचा एक लहान गोळा ठेवते. उजव्या हातावर मोजा चढवलेला असतो, त्यामुळे तिला डावाच पुढे करावा लागतो. अंगठा आत दुमडलेला असतो. आधी तळवा गोळ्यावर पडतो, मग करंगळी सुटते, मग इतर बोटे, आणि शेवटी अंगठा. याला कधी चार मिनिटे लागतात, कधी दहा. भाकरी तव्यावर करपली तरी मी तिला मदत करत नाही.

युडीआयडी कार्डाचे, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचे, काम जिल्हा रुग्णालयात झाले. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात, हे आम्हाला कळले तेव्हा ती पाच वर्षांची होती. आजूबाजूच्या गावांतून कुणी मूल घेऊन आमच्याकडे येते तेव्हा मी त्यांना आधी हा अर्ज भरायला बसवते, आणि मग शेवटचा खुब्याचा एक्स-रे कधी काढला ते विचारते.