कापलेला प्रश्न, बदनाम खेळाडू

मुलाखतीची क्लिप कापताना सगळ्यात मोठी चूक होते ती प्रश्न गाळण्यात. पत्रकाराने काय विचारलं तेच काढून टाकलं, की खेळाडूचं साधं 'माहीत नाही' सुद्धा उर्मट वाटतं. म्हणून क्लिप प्रश्नापासूनच सुरू करा. मूळ व्हिडिओची तारीख आणि लिंक कॅप्शनमध्ये द्या. स्क्रीनशॉट आला तर खात्याचं नाव अक्षर न् अक्षर तपासा, एका जास्तीच्या अंडरस्कोरने बनावट खातं खपून जातं. मुलांचे चेहरे, गाडीचा नंबर झाकाच.

२०२१ च्या फ्रेंच ओपनमधून माघार घेताना टेनिसपटू नाओमी ओसाकाने नैराश्याबद्दल स्वतः लिहिलं होतं. अशा वेळी खेळाडूचे शब्द तेवढे द्यावेत, आजाराचं निदान आपण करू नये.

चुकलात तर पोस्ट गुपचूप उडवू नका. दुरुस्ती त्याच पोस्टखाली पिन करा.