पुरणपोळी पुढे गेली

दुपारचं वहीत लिहून झालं तरी पेन खाली ठेवावंसं वाटत नाही. दोन साध्या पोळ्या, वरण, अर्धी वाटी भात. कार्ब्ज, म्हणजे पिठूळ-गोड कर्बोदकं, 70 ग्रॅमच्या आसपास, इन्सुलिन 7 युनिट, दोन तासांनी शुगर 152. रकाने सगळे भरले. जे ताटात आलंच नाही त्याला रकाना नाही, आणि दुपारपासून मनात तेवढंच घोळतंय.

गौरीजेवणाची पंगत. जाऊबाई पुरणपोळ्या वाढत आल्या. माझ्या अलीकडच्या ताटात पडली, वर तुपाची धार. माझ्यापाशी आल्यावर हात तसाच पुढे गेला. मग आतून डबा आणवला. "तुझ्यासाठी साध्या केल्यात हं वेगळ्या. उगाच त्रास नको." या घरात आग्रहाशिवाय कुणी पानावरून उठत नाही. आज मला कुणी "अगं, अर्धी तरी घे" म्हणालं नाही. ह्यांनीही नाही. असो.

त्या एका पोळीचा हिशोब मी कालच मांडून ठेवला होता. कणीक, हरभऱ्याची डाळ, गूळ, प्रत्येकी 30 ग्रॅम धरले तर कार्ब्ज कणकेचे 19, डाळीचे 14, गुळाचे 25, म्हणजे 58. कटाच्या आमटीचे 10 धरायचे आणि भात सोडायचा. मला दर 10 ग्रॅम कार्ब्जला 1 युनिट इन्सुलिन लागतं, म्हणजे 7 युनिट. गुळाने शुगर लवकर चढते, म्हणून जेवायच्या पंधरा मिनिटं आधी इन्सुलिनचं पेन टोचायचं, हेही ठरलं होतं. साध्या पोळ्या आणि भातालाही शेवटी 7 युनिटच लागले. काटा तेच सांगतो, पण माझं पान कोण मोजतंय?

वहीत लिहिते, पीठ काट्यावर ठेवते, ते पाहून लोकांना वाटतं हिने सगळं सोडलंय. उलट आहे हो. मोजते म्हणूनच खाता येतं. इन्सुलिन नव्हतं तेव्हा अशा पेशंटना अक्षरशः उपाशी ठेवत, तेवढेच काही महिने हाती लागायचे. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं आणि उपासमार संपली. पंगतीत मात्र अजून मधुमेह म्हणजे "बंद". आणि बंद तरी कशाचं? ज्वारीची भाकरी कितीही खा म्हणतात, तिच्या 100 ग्रॅम पिठात 68 ग्रॅम कार्ब्ज, गव्हाच्या पिठात 64. एकादशीला साबुदाण्याची वाटी आग्रहाने पुढे येते. तो तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याला कुणाची हरकत नसते. गोड दिसलं की सगळ्यांचे हात थबकतात. बाबांच्या वेळीही हेच होतं. ते आता नको.

मला पानातून वगळलं, एवढंच सलतंय. पोळी मी घरी कधीही करून खाईन. पण गौरीपुढे नैवेद्य दाखवलेली, सगळ्यांबरोबरची, ती वेगळी. सवाष्ण म्हणून बसवलं आणि सवाष्णीचं पान मात्र दिलं नाही, असं वाटत राहिलं. डोळे भरून आले होते, अळूच्या भाजीत मान घातली.

आता रात्री शांतपणे आठवतंय. त्या डब्यातल्या पोळ्या मऊसूत होत्या, एका बाजूने तूप लावलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या. एवढ्या माणसांचं पुरण वाटून झाल्यावर जाऊबाईंनी माझ्यासाठी पुन्हा कणीक मळली होती. गेल्या पावसाळ्यात रात्री माझी शुगर 52 झाली, घामाने गाउन भिजला, तेव्हा साखरेचं पाणी चमच्याने त्यांनीच पाजलं. थरथरते हात त्यांनी पाहिलेत. त्यांच्या मनात ती रात्र असणार. साखर खाल्ल्याने नव्हे, कमी पडल्याने ती वेळ आली होती, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. मीही नाही, तेव्हा त्याच एवढ्या घाबरल्या होत्या.

तर सांगायला हवं. रागावून नाही, वही समोर ठेवून. होळीला पुरण आमच्याकडे असतं. जाऊबाईंना आधीच बोलावून घेते, लाटी काट्यावर त्यांच्याच हाताने ठेवायला लावते, आणि पहिली पोळी मला त्यांनीच वाढायची.